बर्बन बरी की आयरिश? जिभेचं उत्तर आणि लिव्हरचं उत्तर

मागच्या महिन्यात माझे एक जुने पेशंट ओपीडीत आले होते. वय साठीच्या आसपास, दहा-बारा वर्षांचा डायबेटिस, गोळ्यांवर शुगर बऱ्यापैकी ताब्यात. तपासून झालं, गोळ्या लिहून दिल्या आणि उठता उठता त्यांनी मोबाइलमधला एक फोटो माझ्यापुढे धरला. फोटोत दोन बाटल्या. एक मुलाने अमेरिकेहून आणलेली बर्बन, दुसरी जावयाने डब्लिनहून येताना आणलेली आयरिश व्हिस्की.

"डॉक्टर, यातली तब्येतीला बरी कुठली? बर्बन गोड लागते म्हणतात, मग ती मला चालणार नाही ना? आणि ही आयरिश तीनदा गाळलेली असते म्हणे, म्हणजे एकदम शुद्ध!"

हे त्यांनी न ओशाळता विचारलं, याचं मला बरंच वाटलं. एरवी "दारू घेता का?" या प्रश्नाला "कधीतरी" असं उत्तर येतं, आणि बाहेर बसलेल्या बायकोला आत बोलावलं की त्या 'कधीतरी'चा अर्थ कळतो. शिवाय हल्ली घरातलं कोणी ना कोणी परदेशात असतं, येताना विमानतळावरून दोन बाटल्या येतातच, आणि त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. तेव्हा एकदा सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. चवीसाठी या दोघींची तुलना जरूर करा, ती खरोखर मजेची आहे. तब्येतीसाठी करू नका, कारण तिथे तुलना करायला काही नाहीच. आणि हो, मी स्वतः वर्षातून काही वेळा घेतो. ते लपवून तुम्हाला उपदेश करणं मला जमणार नाही.

दोघींमध्ये फरक कशामुळे?

बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली, किमान ५१ टक्के मका असलेली व्हिस्की. उरलेल्या भागात राय किंवा गहू आणि थोडी मोड आणलेली बार्ली. ती केंटकी राज्यातच बनली पाहिजे असं पुष्कळांना वाटतं, पण तसा नियम नाही. बहुतेक बर्बन तिथे बनते एवढंच. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला त्या देशाचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा नियम पिंपाचा आहे. बर्बन ओकच्या कोऱ्या पिंपातच मुरवावी लागते आणि ते पिंप आतून जाळून काळं केलेलं असावं लागतं. वरून रंग, साखर, सुगंध काहीही घालायला परवानगी नाही. पाणी तेवढं चालतं.

मग तो गोडवा येतो कुठून? लाकडातून. ओकचं लाकूड भाजलं की त्यातल्या लिग्निन नावाच्या घटकापासून व्हॅनिलिन तयार होतं. हाच व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक. शेजारी लाकडातल्या साखरी करपून कॅरॅमलसारखा वास देतात. तुमचं नाक हे वास ओळखतं आणि मेंदू लहानपणापासूनच्या सवयीने म्हणतो, हे गोड आहे. व्हॅनिला म्हटलं की त्याला आइस्क्रीमच आठवतं. पण साखरेचं बाष्प होत नाही, त्यामुळे गाळून काढलेल्या दारूत ती येतच नाही. पिंपातून उतरते ती नगण्य. म्हणजे बर्बन 'गोड' लागली तरी त्या गोडव्याने शुगर वाढत नाही.

हे ऐकून आमच्या गृहस्थांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, थांबा, मुद्दा अजून पुढे आहे. तो खाली येईलच.

आयरिश व्हिस्की आयर्लंडच्या बेटावर बनते आणि लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरते. पिंप कोरंच हवं अशी अट तिथे नाही. इथे एक छान गंमत आहे. बर्बनवाल्यांना एक पिंप एकदाच वापरता येतं. मग रिकाम्या झालेल्या लाखो पिंपांचं करायचं काय? ती विकली जातात आणि त्यातली पुष्कळ समुद्र ओलांडून आयर्लंडला आणि स्कॉटलंडला जातात. म्हणजे कित्येक आयरिश व्हिस्कींमध्ये तुम्हाला जो व्हॅनिला लागतो, तो बर्बनने मागे ठेवलेला. चहाची तीच पावडर दुसऱ्यांदा उकळली की कसा हलका चहा होतो, तसं लाकूड दुसऱ्या वेळी मवाळ होतं आणि धान्याची चव पुढे येते.

धान्यांत महत्त्वाची बार्ली. बाळासाठी आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, तसंच बार्लीला मोड आणून वाळवलं की त्याला माल्ट म्हणतात. आयर्लंडची खासियत अशी की तिथल्या 'पॉट स्टिल' प्रकारात मोड आणलेली आणि न आणलेली अशी दोन्ही बार्ली, प्रत्येकी किमान ३० टक्के असते. १७८५ साली माल्टवर कर बसला, तो वाचवायला तिथल्या भट्टीवाल्यांनी कच्ची बार्ली जास्त वापरायला सुरुवात केली, असं सांगतात. कर चुकवता चुकवता त्या देशाला स्वतःची अशी एक चव सापडली! कच्च्या बार्लीमुळे जिभेवर तेलकट, दाट असं काहीतरी रेंगाळतं.

आता 'तीनदा गाळलेली'. बऱ्याच आयरिश व्हिस्की तीनदा ऊर्ध्वपातन करून काढतात हे खरं. सगळ्या नाहीत, काही दोनदाच. पण प्रत्येक वेळी गाळल्यावर जे कमी होतं ते चवीचे आणि वासाचे जड घटक. अल्कोहोल कमी होत नाही, उलट वाढत जातं. तिसऱ्या फेरीनंतर ते ८० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. मुरवल्यावर पाणी घालून ते ४० टक्क्यांपर्यंत खाली आणतात. 'शुद्ध' या शब्दाचा अर्थ इथे 'हलक्या चवीची' एवढाच घ्यायचा. लिव्हरच्या बाबतीत 'शुद्ध अल्कोहोल' ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे.

चाखायची असेल तर

दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी आम्ही चार जणांनी चार बाटल्या मांडल्या होत्या. दोन बर्बन, मेकर्स मार्क आणि वाइल्ड टर्की १०१, आणि दोन आयरिश, जेमसन आणि १२ वर्षं मुरलेली रेडब्रेस्ट. माप म्हणून मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारं प्लॅस्टिकचं झाकण नेलं होतं. त्यावर १० मिलीची खूण असते. सगळे हसले, पण त्या संध्याकाळी ते झाकणच सर्वांत कामाचं ठरलं.

प्रत्येकीची १० मिली. सुरुवात हलकीपासून. नाक ग्लासात खुपसायचं नाही, ग्लास थोडा खाली धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, म्हणजे अल्कोहोलचा झटका बसत नाही. मग एक बारीक घोट, जिभेवर पाच-दहा सेकंद फिरवायचा, गिळायचा आणि नाकाने श्वास सोडायचा. आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी नाकामागून येणाऱ्या वासाची असते. कोविडनंतर वास गेलेल्या पेशंटना विचारा, ते सांगतील की वास गेला की व्हिस्कीत फक्त जाळ उरतो. दुसऱ्या घोटाआधी पाण्याचे चार थेंब घालून पाहा, वास बदलतो. मध्ये साधं पाणी प्या.

जेमसन हलकी, थोडी फुलांसारखी, चटकन नाहीशी होणारी. रेडब्रेस्टमध्ये शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनची जुनी पिंपंही वापरतात, त्यामुळे मला खारीक-मनुकांची आठवण झाली आणि ती चव बराच वेळ टिकली. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ आणि गोडसर. वाइल्ड टर्की मात्र दालचिनी आणि मिरी घेऊनच येते, मागोमाग जळक्या लाकडाची चव. माझा कौल रेडब्रेस्टला. मित्राचा वाइल्ड टर्कीला. त्याला ठेचाही झणझणीतच लागतो.

यात कुठेही कोला, बर्फाचे डोंगर आणि खारे शेंगदाणे नव्हते. कोलाच ओतायचा असेल तर मुलाला इतक्या लांबून बाटली वाहून आणायला लावू नका. कोलाखाली बर्बन काय आणि आपली साधी व्हिस्की काय, ओळखणारा मला अजून भेटायचा आहे.

आणि आता हिशेब. जेमसन आणि रेडब्रेस्ट ४० टक्के, मेकर्स मार्क ४५, वाइल्ड टर्की ५०.५. प्रत्येकी १० मिली धरली तर चौघींचं मिळून सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडचा एक 'लार्ज', म्हणजे ६० मिली, ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा असेल तर त्यात १९ ग्रॅम. म्हणजे दोन देशांची, चार बाटल्यांची सगळी तुलना एका लार्जच्या आत आटोपली. त्यापुढे पिऊन चव जास्त कळत नाही, उलट जीभ आणि नाक बोथट होत जातात. तिसरा पेग 'चवीसाठी' घेतो असं कोणी म्हणालं तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

लिव्हरला लेबल वाचता येत नाही

हिशेब स्वतः करायचा असेल तर सोपा आहे. मिली गुणिले टक्के, भागिले १००, आणि त्याला गुणिले ०.७९. जे येईल ते ग्रॅम. शरीराला फक्त हा आकडा कळतो. मका की बार्ली, केंटकी की कॉर्क, कोरं पिंप की जुनं, याने लिव्हरवरच्या कामात फरक पडत नाही.

फरक पडतो तो टक्क्यांनी, आणि तिथेच माणसं फसतात. अमेरिकी बाटलीवर 'प्रूफ' लिहिलेलं असतं, ते टक्क्यांच्या बरोबर दुप्पट. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. आपल्याकडच्या व्हिस्कीवर जो ७५ प्रूफ हा आकडा दिसतो, तो जुन्या ब्रिटिश पद्धतीचा, त्याचे टक्के होतात ४२.८. त्यामुळे प्रूफ सोडा, टक्के वाचा. काही बर्बन पाणी न घालता थेट पिंपातून भरलेल्या असतात, त्या ६० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतात. अशा बाटलीतला एक लार्ज म्हणजे २८ ग्रॅम, साध्या व्हिस्कीच्या दीड लार्जएवढा.

दुसरी फसगत हाताच्या मापाची. मी काही पेशंटना रिकाम्या ग्लासात नेहमीच्या पेगएवढं पाणी ओतायला सांगतो आणि मग मोजतो. घरचा 'लार्ज' ८०-९० मिलीचा निघतो तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटतं. एक गृहस्थ देशी व्हिस्की सोडून 'सौम्य' आयरिशवर आले होते आणि तब्येत सुधारेल म्हणून वाट पाहत होते. सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड वाढलेलं, लिव्हरची एन्झाइम्स दुप्पट. कारण काय, तर घशाला लागत नाही म्हणून माप वाढलं होतं.

'स्मूथ' या शब्दाची मला म्हणूनच धास्ती वाटते. दारूने घशात जी जळजळ होते ती चव नसते, ती वेदनेची संवेदना असते. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या चेतातंतूंवरची कळ दाबतं, तीच कळ अल्कोहोल संवेदनशील करतं, इतकी की आपल्या शरीराची नेहमीची उष्णताही तिला चटका वाटते. ही जळजळ एक प्रकारचा ब्रेक आहे. स्मूथ व्हिस्कीत गाडी तीच, वेग तोच, फक्त ब्रेक हलका.

डब्लिनमध्ये १८७५ सालच्या जूनमध्ये एका गोदामाला आग लागली आणि पिंपं फुटून व्हिस्की रस्त्यावरून वाहायला लागली. लोकांनी टोप्यांमधून, बुटांमधून ती भरून प्यायली. त्यात १३ माणसं दगावली. एकही आगीने किंवा धुराने नाही. सगळी अल्कोहोलच्या विषबाधेने, तेही पिंपातल्या, पाणी न घातलेल्या अस्सल आयरिश व्हिस्कीच्या.

आता डायबेटिसचा राहिलेला मुद्दा, आणि या लेखात एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. आपण जेवलेलो नसतो तेव्हा रक्तातली साखर टिकवायचं काम लिव्हर करतं. पोटात दारू असली की लिव्हर तिच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवणं मागे पडतं. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि वर उपाशीपोटी दोन पेग झाले, तर मध्यरात्रीनंतर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बडबड, अडखळणं, झापड. आणि हे सगळं हुबेहूब 'चढल्या'सारखं दिसतं!

काही वर्षांपूर्वी पहाटे एका पेशंटला घरचे घेऊन आले. रात्री लग्नाच्या गडबडीत दोन-तीन पेग झाले, जेवण राहिलं, गोळी मात्र आठवणीने घेतलेली. "काकांना जरा जास्त झाली" म्हणून सगळ्यांनी त्यांना झोपू दिलं होतं. शुगर ३८. ते वाचले, पण पूर्ण शुद्धीवर यायला वेळ लागला. त्या रात्रीची व्हिस्की कुठली होती हे मला आठवत नाही, आणि ते विचारायचं कारणही नव्हतं. डायबेटिस असलेला माणूस दारू पिऊन विचित्र वागत असेल तर आधी ग्लुकोमीटर काढा. शुगर कमी असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल गाठा.

"पण थोडी व्हिस्की औषध असते ना?" हाही नेहमीचा प्रश्न. याला डॉक्टर मंडळीच जबाबदार आहेत. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की औषध म्हणून दुकानात मिळायची. तिथल्या वैद्यकीय संघटनेने १९१७ साली दारूला औषध मानायला विरोध केला होता, आणि दारूबंदी आल्यावर ती भूमिका फिरवली. आपल्याकडच्या दारूच्या परवान्याच्या मजकुरातही आरोग्य राखण्याची भाषा आहेच. हृदयाला थोडी दारू चांगली, हे मीही विद्यार्थी असताना शिकलो. पुढे लक्षात आलं की त्या अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारी पडल्यामुळे सोडलेले लोकही होते, म्हणून पिणारे तुलनेने निरोगी दिसत होते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. आयर्लंड सरकारनेही त्याच वर्षी बाटलीवर लिव्हरचा आजार आणि कर्करोग यांचा इशारा छापायचा नियम केला, अंमलबजावणी नंतर पुढे ढकलली ते सोडा.

'फक्त एक ड्रिंक' या मापावरही जाऊ नका. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम, आयर्लंडमध्ये १० ग्रॅम. आपला लार्ज १९.

हँगओव्हरचं मात्र थोडं वेगळं आहे. गडद, लाकडात मुरलेल्या दारूत इतर घटक जास्त असतात, आणि बर्बन त्यात बरीच वरची. व्होडकाशी तुलना करता बर्बनने दुसऱ्या दिवशी डोकं जास्त धरतं असं प्रयोगांत दिसलंय. पण लक्ष लागणं, प्रतिक्रियेचा वेग यांवर परिणाम दोन्हींनी सारखाच. म्हणजे डोकं दुखलं नाही म्हणून सकाळी गाडी चालवायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

लिव्हरचा आजार, हिपॅटायटिस, पूर्वी स्वादुपिंडाला सूज, गरोदरपण, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, पूर्वी सुटलेलं व्यसन, यांपैकी काहीही असेल तर १० मिलीसुद्धा नको, झाकणभरही नको. आणि जे रोज भरपूर घेतात त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. तसं केल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे या, सोडायची रीतसर पद्धत आहे.

हे सगळं मी त्या गृहस्थांना एवढं सविस्तर सांगू शकलो नाही, बाहेर अकरा पेशंट होते. ग्लिमेपिराइडचं सांगितलं, रात्री जेवल्याशिवाय एक थेंबही नाही हे बजावलं, आणि आधी लिव्हरच्या तपासण्या करून आणायला लावल्या. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"डॉक्टर, दोन्ही बाटल्या उघडल्या, तर संपवायला लागतील ना? वाया जातील."

अजिबात नाही. वाइनचं तसं असतं, व्हिस्कीचं नाही. बूच घट्ट लावा, बाटली उभी ठेवा, ऊन लागू देऊ नका. अर्धी बाटली वर्षभर सहज टिकते.